तेलावर उभं राहिलेलं घर

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात हरित ऊर्जेवर एक धडा आहे. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे पुस्तक उर्दू; पण धडा तोच आणि आकृत्याही त्याच. कोळशापासून वीज, वायूपासून वीज, अणूपासून, पाण्यापासून, वाऱ्यापासून आणि उन्हापासून. दरवर्षी आम्ही हा धडा दोन-तीन तासिकांत उरकतो. गेल्या वर्षी तो उरकला नाही. फळ्यावर आम्ही 'रिकाजी इंधन' असं लिहिलं होतं आणि खाली कोळसा, तेल, वायू. जगाने हे इंधन हळूहळू सोडायचं ठरवलं आहे, असं सांगून खडू ठेवतो न ठेवतो तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, तेल बंद झालं तर आमच्या अब्बांचं काय?"

वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही. त्याचे वडील आखातातल्या एका रिफायनरीत ठेकेदाराकडे परांची बांधायचं काम करतात, हे आम्हाला ठाऊक होतं. वर्गात एकतीस मुलं-मुली. आम्ही विचारलं, घरातलं कोणी बाहेर आहे त्यांनी हात वर करा. आमच्याकडे 'बाहेर' म्हटलं की मुंबई धरत नाहीत, पुणे तर नाहीच. बावीस हात वर आले. एका मुलीने दोन्ही हात वर केले, कारण तिचे वडील आणि मामू दोघेही तिकडे आहेत. प्रश्न परीक्षेत येणारा नव्हता, म्हणून धड्यात त्याचं उत्तर नव्हतं. घंटा झाली आणि आम्ही सुटलो. पण खरं तर सुटलो नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहोत. आमचं सारं शिक्षण उर्दूत झालं. मराठीत लिहिताना काही चुकलं तर वाचकांनी पदरात घ्यावं.

'रिकाज' हा शब्द आम्हाला पहिल्यांदा विज्ञानाच्या नव्हे, जकातीच्या मसाइलमध्ये भेटला. जमिनीत पुरलेला जुना दफिना कुणाला सापडला तर तो रिकाज, आणि त्याचा पाचवा हिस्सा काढून द्यायचा. खाणीतलं खनिज त्यात धरायचं की नाही यावर फकीहांमध्ये मतभेद आहेत, तो आमचा विषय नाही. पण उर्दूत विज्ञान लिहिणाऱ्या कुणीतरी जीवाश्मासाठी हाच शब्द उचलला. मराठीत 'जीवाश्म इंधन' ऐकलं की मेलेले जीव डोळ्यांपुढे येतात. उर्दूत ऐकलं की गाडलेला खजिना. आमच्या गावाला हा दुसरा अर्थ लवकर पटेल.

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या उत्तर अंगाला. 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, हे आम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं. गावाने ते भिंतींवर वाचलं. त्याआधी आमच्याकडचे पुरुष बोटीवर खलाशी म्हणून जात. त्यानंतर ते कुवेत, बहारीन, दुबई, सौदीला जाऊ लागले. कौलं उतरली, स्लॅब आले. जांभ्याच्या चिऱ्यांवर गिलावा चढला, ओटीला मोझाइक बसलं. मशिदीचा नवा मिनार आणि आमच्या शाळेच्या दोन खोल्या तिकडच्याच पैशांतून झाल्या. त्या खोल्यांच्या दारावर संगमरवरी पाटी आहे, 'कुवेत येथील ग्रामस्थांकडून'. आम्ही हरित ऊर्जेचा धडा शिकवतो तो त्याच पाटीखालच्या खोलीत.

अब्बा 1978 साली कुवेतला गेले. पाइपफिटर होते, अहमदीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे. आमचं घर 1986 साली बांधलं. आमचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे चुलीच्या धुराने काळी झालेली आढी आम्ही पाहिली नाही. ती अम्मीच्या बोलण्यात ऐकली. अब्बा सुटीवर येत तेव्हा दोरीने करकचून बांधलेलं कार्टन यायचं. त्यात दुधाच्या भुकटीचा डबा, टायगर बाम, जाड ब्लँकेट. त्या ब्लँकेटला येणारा वास आम्ही 'कुवेतचा वास' म्हणायचो. तो पेट्रोलचा असावा असं आज वाटतं, पण खात्री नाही. कदाचित नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीचाच असेल.

गंमत अशी, की तेलाच्या पैशांवर उभ्या असलेल्या त्या घरात तेलासाठी रांग लावावी लागे. रेशनचं निळं रॉकेल. खाडीवर वारा सुटला की लाईट जाई आणि कंदील पुसायला बसायचं काम आमच्याकडे असे. दुकानदार प्लास्टिकच्या कॅनमध्ये नरसाळं धरून मापाने ओतायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत अम्मी नरसाळ्याकडे बघत राहायची. अब्बा जिथे होते तिथे ते जमिनीतून उसळत होतं.

2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आम्ही तेव्हा दीड वर्षाचे होतो. अम्मी सांगते, सहा आठवडे अब्बांची काहीच खबर नव्हती. गावातल्या अकरा घरांत तीच अवस्था होती. रात्री बायका एकाच घरात जमून रेडिओ ऐकत. अब्बा बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचले, तिथे तंबूत राहिले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. असे 1 लाख 70 हजारांच्या वर हिंदुस्थानी त्या काही आठवड्यांत परत आणले गेले. अब्बांच्या हातात एक पिशवी होती आणि तिच्यात पाइप पकडायचा पाना. पैसे कुवेतच्या बँकेत राहिले, पाना आला. तो अजून आमच्या पडवीत खुंटीला आहे. पुढच्या वर्षी माघार घेताना इराक्यांनी सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. दूरदर्शनवर ते दृश्य दाखवलं तेव्हा अब्बा टीव्हीसमोर उभेच राहिले, बसले नाहीत, असं अम्मी सांगते. दिवसा रात्र झाली होती तिथे. धूर म्हणजे काय हे आमच्या घराला पर्यावरणाच्या पुस्तकाआधी माहीत होतं. तरीही 1993 मध्ये अब्बा पुन्हा गेले, या वेळी सौदीत जुबैलला, आणि 2012 पर्यंत तिथेच राहिले. दुसरं काय करणार होते?

आता खाडीच्या पलीकडचं सांगायला हवं. दक्षिण किनाऱ्यावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या टेकडीवर दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प. लोक त्याला 'एन्रॉन' म्हणतात, आजही. नाव दाभोळचं आणि प्रकल्प पलीकडे, ही गोष्ट लहानपणी आम्हाला फार खुपायची. 1999 च्या मे महिन्यात त्याचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. आम्ही दहा वर्षांचे होतो. रात्री पडवीत उभं राहिलं की पलीकडे मोठी बोट नांगरून पडल्यासारखी दिव्यांची रांग दिसे. सुरुवातीला तो नाफ्त्यावर चालायचा. पुढे ओमान आणि अबुधाबीहून वायू आणायचे करार झाले होते. चाचा म्हणायचे, बघा, आता आपल्याला तिकडे जायला नको, तेच आपल्या दारात येतंय. पण वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये वीज मंडळाने ती घेणं थांबवलं, डिसेंबरात अमेरिकेत मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि पलीकडची दिव्यांची रांग विझली. माधव गोडबोले समितीने त्या कराराचा पंचनामा केला तो अनेकांनी वाचला असेल. आम्ही त्याचा परिणाम वाचला कंदिलाच्या उजेडात. 2005 साली आम्ही दहावीला होतो. समोर बंद पडलेला प्रचंड प्रकल्प आणि अलीकडे रोजचं भारनियमन. 2006 मध्ये तो सरकारी कंपन्यांच्या हाती पुन्हा चालू झाला, पण वायूअभावी पुढे कैक वेळा अडखळला.

या खाडीत आणखी एक वीज वाहते. कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळीकडे सोडून वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूण करत आमच्या खाडीला मिळतं. कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट. धूर नाही, राख नाही, भाव स्वस्त. पण गोडं पाणी वाढल्यापासून खाडीतली मासळी बदलली, असं आमच्याकडचे म्हातारे मच्छीमार म्हणतात, आणि ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं साठ वर्षांनंतरही मिटलेली नाहीत. हे वर्गात सांगितलं की मुलं विचारतात, मग सर, चांगली वीज कुठली? आम्ही सांगतो की प्रत्येक विजेखाली कुणाचं तरी घर असतं. कुणाचं ते आधी विचारायचं.

बी.एड.ला आमच्या खोलीत चंद्रपूरचा एक मित्र होता. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, राज्यातल्या सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. तो सांगायचा, त्यांच्याकडे वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होतो. आम्ही त्याला चिडवायचो, तुमच्या राखेवर आमचे पंखे फिरतात. तो हसायचा नाही. त्याचा मोठा भाऊ कोळशाच्या खाणीवर ठेक्याने होता. तो म्हणाला होता, "राख बंद झाली तर अम्मीचा दमा जाईल आणि भावाची रोजी पण." हे वाक्य आम्ही त्या वेळी टाचणवहीत लिहून ठेवलं नाही, तरी ते राहिलं.

आकड्यांचं सांगायचं तर आकडे आनंदाचे आहेत. 2025 च्या सुरुवातीला देशात सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली, आणि त्याच वर्षाच्या मध्यावर एकूण क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-वायू सोडून इतर मार्गांची झाली. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी 70 टक्क्यांच्या वर अजून कोळशाची आहे. मुलांना हे पटत नाही. निम्मे आणि सत्तर, सर, दोन्ही कसं? मग आम्ही सांगतो, घरात दहा माणसं आहेत, पाच दिवसाच काम करणारी आणि तीही पाऊस नसेल तर, बाकी पाच रात्रंदिवस राबणारी. माणसं निम्मीनिम्मी, पण शेत कोण जास्त नांगरेल? हे त्यांना लगेच समजतं. राबणाऱ्यांची घरात किंमत काय असते तेही त्यांना समजतं.

आता धाकट्याविषयी.

आम्ही थोरले. घरात एकाने तरी तालीम घ्यायची आणि गावात राहायचं, असं अब्बांनी ठरवलं आणि तो मान आम्हाला मिळाला. आमची डी.एड.ची, बी.एड.ची फी जुबैलहून आली. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली तेव्हा घर अब्बांच्या आणि नंतर धाकट्याच्या पैशांवर चाललं. तो आयटीआय करून 2015 मध्ये अबुधाबीला गेला, रिफायनरीच्या देखभालीच्या ठेक्यावर फिटर. बापाचाच धंदा. 2020 मध्ये साथ आली, जगभर विमानं आणि गाड्या उभ्या राहिल्या आणि तेलाला कुणी विचारेना. 20 एप्रिलला अमेरिकेच्या बाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. आमच्यासारख्यांना हे वाचून हसावं की रडावं कळेना. भाव शून्याखाली म्हणजे घ्या तेल आणि वर पैसेही घ्या! मे महिन्यात धाकट्याच्या कॅम्पमधल्या अर्ध्या माणसांना घरी जायला सांगितलं. त्यात तोही होता.

इकडे 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ईद होऊन दहाच दिवस झाले होते. आमच्या परसातल्या चौदा माडांपैकी नऊ आडवे झाले. विजेचे खांब काडीसारखे मोडले. आमच्या मोहल्ल्यात अठ्ठावीस दिवस लाईट नव्हती. ज्याच्याकडे डिझेलचा जनरेटर होता तो मोबाईल चार्ज करायचे पन्नास रुपये घेई, आणि आम्ही रांगेत उभं राहून दिले, कारण धाकट्याचं विमान कधी आहे ते त्या मोबाईलवर कळणार होतं. तो आला तेव्हा घरात मेणबत्त्या होत्या. दाराशी उभं राहून तो म्हणाला, "भाई, आपण एवढं तेल काढलं आणि घरात हा अंधार?"

दोन वर्षं तो इथेच पडून राहिला. मग 2022 मध्ये पुन्हा अबुधाबीला गेला. या वेळी तेलावर नाही, उन्हावर. तिथे वाळवंटात मोठमोठे सौर प्रकल्प उभे राहताहेत. स्वैहानचा नूर अबुधाबी 2019 मध्ये पूर्ण झाला, 1177 मेगावॅटचा. अल धफ्राचा 2023 मध्ये, 2 गिगावॅटचा, सुमारे चाळीस लाख पॅनेलचा. धाकटा अशाच एका ठिकाणी लोखंडी सांगाडे उभे करायच्या टोळीत होता. फोनवर खूश असे. वास नाही, आग नाही, गॅसगळतीचा भोंगा नाही. दुपारी साडेबारा ते तीन काम बंद. अब्बांना तो म्हणायचा, तुमच्या वेळी असतं तर तुमची छाती अशी झाली नसती. अब्बांनी जमातीत अभिमानाने सांगितलं होतं, पोरगा आता सूर्याच्या कंपनीत आहे.

दीड वर्षात काम संपलं. सांगाडे उभे झाले, पॅनेल बसले, तारा जोडल्या आणि टोळीला घरी पाठवलं. यात कुणी फसवलं नाही. करारच तेवढा होता. त्याने विचारलं होतं, मागे ठेवायला माणसं लागतील ना? मुकादम म्हणाला, इतक्या मोठ्या प्रकल्पाला नंतर थोडकीच माणसं पुरतात, पॅनेलवरची धूळसुद्धा यंत्रं पुसतात. 2023 च्या डिसेंबरात दुबईला जगातल्या देशांची हवामान परिषद झाली आणि खनिज इंधनांपासून दूर जायचं पहिल्यांदा कागदावर आलं. परिषदेचे अध्यक्ष अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते. त्याच महिन्यात धाकटा बॅग घेऊन दापोली स्टँडवर उतरला.

अब्बांना तेलाने तीस वर्षं ठेवलं. त्यांची छाती घेतली, घर दिलं. धाकट्याला उन्हाने दीड वर्ष ठेवलं. त्या मुलाने वर्गात विचारलं त्याचं अर्धं उत्तर इथे आहे आणि ते आम्हाला फळ्यावर लिहवत नाही. तेल काढायला, शुद्ध करायला, पाइप बदलायला रोज माणूस लागतो. उन्हाला एकदाच लागतो. पुस्तकात हा फायदा म्हणून दिला आहे, 'देखभालीचा खर्च कमी'. आमच्या गावात त्या खर्चाचं नाव पगार आहे.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. दादा, म्हणजे आमचे आजोबा, बोटीवर होते. ते सांगायचे, जुन्या आगबोटींत कोळसा घालणारे 'आगवाले' आणि कोळसा ओढून आणणारे 'कोयलावाले' यांचे मोठे ताफे असत. बोटी तेलावर गेल्या तसे ते ताफे आटले. 'तेलवाले' मोजकेच लागत. आगवाल्यांचं काम जहन्नमसारखं होतं, असं दादा म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात म्हणायचे की ते सुटलेले लोक गोदीच्या फाटकाशी बसून असायचे. लहानपणी आम्हाला यातली पहिलीच गोष्ट ऐकायला आवडायची.

कुणी म्हणेल, मग तेलच बरं काय? तसं नाही. निसर्गसारखी वादळं अरबी समुद्रात वाढताहेत, समुद्र तापतोय, हे शास्त्रज्ञ सांगतात आणि आमचे नऊ माडही सांगतात. तो धूर कुणी केला याचा हिशोब मांडला तर त्यात आमच्या खाडीचा वाटा नखाएवढा निघेल, पण आमचं घर मात्र त्याच व्यवहारात बांधलेलं आहे. पाचवा हिस्सा काढायचा तर तो कुणाला द्यायचा, हा प्रश्न कधी रात्री पडतो. बदल व्हायलाच हवा. फक्त तो होताना फाटकाशी कोण बसणार हे आधी कुणी सांगत नाही.

स्वच्छ या शब्दाबद्दल आमच्या जिल्ह्याला थोडा अनुभव आहे. जैतापूरला 9900 मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरला, बिनधुराची वीज म्हणून. एप्रिल 2011 मध्ये त्याविरुद्धच्या आंदोलनात साखरीनाट्याचा एक तरुण मच्छीमार पोलिसांच्या गोळीने गेला. प्रकल्प अजून उभा नाही. 2018 मध्ये राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीसाठी सौदीची अरामको आणि अबुधाबीची तेल कंपनी यांच्याशी करार झाले. अब्बा ज्या फाटकांतून तीस वर्षं आत-बाहेर केले तीच फाटकं कोकणात येणार होती. गावं विरोधात उठली, 2019 मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली, मग 2023 मध्ये बारसूला मातीपरीक्षणावरून तेच पुन्हा. आमच्या जमातीत त्या वेळी दोन तट पडले. ज्यांची मुलं बाहेर होती ते म्हणाले, इथेच काम मिळेल. ज्यांच्या होड्या होत्या आणि कलमं होती ते म्हणाले, मासे आणि आंबे घालवून काम काय करायचंय? अब्बांना विचारलं तर ते म्हणाले, "रिफायनरीच्या आत मी राहिलोय. बाहेर कधी राहिलो नाही, म्हणून मला विचारू नका."

धाकटा परत आला तेव्हा केंद्राची घरांवरच्या सौर विजेची योजना सुरू होत होती, फेब्रुवारी 2024. तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान. चिपळूणच्या एका नोंदणीकृत पुरवठादाराकडे तो कामाला लागला आणि पहिलं काम आमच्याच छपरावर केलं. अब्बांच्या तेलाच्या स्लॅबवर धाकट्याचे पॅनेल. सांगाड्याचे बोल्ट त्याने अब्बांच्या पान्याने आवळायचा प्रयत्न केला. तो पाना पाइपाचा, बोल्टावर बसला नाही. उरलेल्या माडांची सावली पडत होती म्हणून एक माड तोडावा लागला. अम्मी दोन दिवस बोलली नाही. निसर्गमध्ये वाचला आणि तुमच्या सूर्याने पाडला, म्हणाली. मीटर बदलून मिळायला अडीच महिने लागले. कचेरीत दर वेळी नवा कागद मागत. जुन्या कागदाचं काय झालं ते कुणी सांगत नसे.

आता उन्हाळ्यात दिवसाला अकरा-बारा युनिट होतात. आषाढात कधी कधी दोनही होत नाहीत, कोकणचा पाऊस आपल्याला माहीत आहे. तरी वर्षाचा मेळ घातला तर बिल नावालाच राहिलं आहे. एक गोष्ट मात्र आम्हाला विज्ञान शिकवूनही आधी सुचली नव्हती. गेल्या वैशाखात भर दुपारी लाईट गेली. बाहेर कडकडीत ऊन, छपरावर सहा पॅनेल आणि घरात पंखा बंद. अब्बांनी वर बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. त्याने समजावलं, लाईन बंद असली की आपलंही आपोआप बंद होतं, नाही तर आपली वीज उलटी जाऊन खांबावर चढलेला वायरमन मरेल. बॅटरी लावली तर चालेल, पण तिचे पैसे वेगळे. अब्बा हसले. कितीतरी दिवसांनी एवढं हसले. म्हणाले, "म्हणजे कंदील फेकायचा नाही."

कंदील आहेच. स्वयंपाकघरात सिलिंडर आहे. त्यातला गॅसही बहुतेक आखातातूनच येतो, देशात लागतो त्यातला निम्म्याहून जास्त बाहेरचा असतो. परसात अंघोळीच्या पाण्याची चूल आहे आणि तोडलेल्या माडाचे ओंडके तिच्यात दोन पावसाळे पुरले. खाडीतल्या होड्या डिझेलवर, पलीकडे नेणारी फेरीबोट डिझेलवर. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं सगळं गणित डिझेलच्या परताव्यावर अडकलेलं असतं. त्याला पॅनेलचं काय सांगायचं?

धाकट्याने आमच्या शाळेतून गेलेली दोन पोरं हाताखाली घेतली आहेत. छपरावर चढायला पोरं तयार आहेत, सर्किट समजून घ्यायला थोडी कमी. काम दसऱ्यापासून मेपर्यंत. पावसात कुणी छप्पर उघडत नाही. महिन्याचं बघितलं तर अबुधाबीच्या निम्म्यानेही सुटत नाही. पण रात्री घरी जेवायला असतो. त्याच्या मुलीला बाप फोनवर नाही, ताटावर दिसतो. आम्हाला हे भाग्य बाराव्या वर्षापर्यंत मोजून पाच वेळा मिळालं.

आणि आता व्हिसा आला आहे. आखातातल्याच एका वायूच्या प्रकल्पावर, फिटर म्हणून, तीन वर्षांचा करार. वायू हा कोळशापेक्षा कमी धुराचा, म्हणून त्याला मधला पूल म्हणतात. पुलावर माणसं लागतात. एजंटाला जुम्यापर्यंत कळवायचं आहे. अम्मी काही बोलत नाही, भांडी जास्त वाजवते. अब्बा म्हणाले, "तू ठरव. मी ठरवलं होतं तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं." धाकट्याने आमच्याकडे बघितलं, "भाई, तू मास्तर आहेस. तू सांग, हे किती वर्षं चालेल?"

आमची फी त्याने भरली आहे. जा म्हणायला तोंड उघडत नाही, आणि राहा म्हणालो तर आषाढात त्याच्या घरात काय शिजेल ते आम्हाला सांगता यायला हवं. आम्ही म्हणालो, धड्यात दिलेलं नाही. तो हसला.

त्या परांचीवाल्याचा मुलगा आता अकरावीला आहे. परवा मशिदीबाहेर भेटला आणि विचारत होता, सर, सोलारचा कोर्स कुठल्या आयटीआयला आहे? आम्ही त्याला धाकट्याकडे पाठवलं. काल सकाळी धाकटा त्यालाही सोबत घेऊन हर्णैला दोन छपरांची मापं घ्यायला गेला. जाताना अम्मीकडून कपाटाची किल्ली घेतली, पासपोर्ट काढून खिशात टाकला आणि म्हणाला, येताना फोटोही काढून आणतो.